कातडीवर उमटणारा आतला रोग

(द्वितीय वर्ष, कला)

अंगावर काही उठले की आपल्याकडे त्याला आधी नाव मिळते आणि मग औषध. गोल चट्टा असला तर गजकर्ण, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली तर खरूज, पाठीवर फिकट डाग दिसले तर शिबे, अंगाच्या एका बाजूला फोडांची माळ आली तर नागीण, पाय लाल होऊन सुजला तर धावरे. कोणतेच नाव बसेना तर मग 'उष्णता' आहेच. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात औषधाच्या दुकानात हे नाव सांगितले की एक मलमाची नळी हाती पडते आणि आठ-पंधरा दिवस त्यात जातात.

या पद्धतीला हसण्याचे कारण नाही. पुष्कळदा नाव बरोबर असते आणि मलमाने गुणही येतो. पण कातडीवर जे दिसते ते सगळे कातडीचेच असते असे नाही. पोटातला, फुप्फुसातला किंवा स्तनातला कॅन्सर काही वेळा अंगावर अशी खूण उमटवतो की पाहणाऱ्याला ती साधी गाठ, साधा डाग किंवा साधी खाज वाटावी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती नीट वाळली नसताना रंगवली तर काही दिवसांनी रंगाला पोपडे धरतात. नवखा माणूस रंगाला दोष देतो. जुना कारागीर मूर्ती उचलून तिचे वजन पाहतो, कारण ओल आत असते. अशा 'आतल्या ओली'च्या काही खुणा या लेखात सांगायच्या आहेत.

शास्त्र शाखेचा हा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण एक कागद आहे. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. त्यामुळे नातेवाइकांत कुठलाही इंग्रजी कागद आला, मग तो बँकेचा असो, तलाठ्याचा असो की दवाखान्याचा, तो वाचायला माझ्याकडे येतो. माझी थोरली आत्या कुंडलिकेच्या काठच्या एका गावात राहत असे. तिला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले, तेव्हा तिथल्या कागदावर तपासणीच्या रकान्यात 'सिस्टर मेरी जोसेफ यांची गाठ' अशा अर्थाचे शब्द होते. मी ते वाचून दाखवल्यावर आतेभाऊ म्हणाला, "ही मेरी सिस्टर कंच्या वार्डातली? आपल्याला तर भेटलीच नाय."

ती भेटणे शक्य नव्हते. तिचे निधन 1939 साली झाले. तिचे मूळ नाव ज्युलिया डेम्प्सी. जन्म 1856 सालचा, अमेरिकेतला. तरुणपणी ती फ्रान्सिस्कन जोगिणींच्या पंथात गेली आणि रॉचेस्टर गावातले सेंट मेरीज रुग्णालय 1889 मध्ये सुरू झाले तेव्हा तिथे परिचारिकेचे काम करू लागली. पुढे विल्यम मेयो या नामांकित शल्यचिकित्सकाची पहिली साहाय्यक म्हणून ती 1890 ते 1915 पर्यंत शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभी राहिली आणि 1892 पासून मरेपर्यंत तिने ते रुग्णालयही चालवले. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याचे पोट धुऊन स्वच्छ करण्याचे काम तिच्याकडे असे. हे काम करताना तिच्या ध्यानात आले की काही रोग्यांच्या बेंबीत कठीण गाठ हाताला लागते आणि अशा रोग्याचे पोट उघडले की आत कॅन्सर पसरलेला सापडतो. तिने ते मेयोंना सांगितले. मेयोंनी 1928 साली त्याविषयी लिहिले, आणि 1949 साली हॅमिल्टन बेली या इंग्रज शल्यचिकित्सकाने आपल्या पुस्तकात त्या गाठीला तिचे नाव दिले. वैद्यकशास्त्रातल्या रोगचिन्हांना सहसा नामवंत डॉक्टरांची नावे मिळतात. पोट धुणाऱ्या बाईचे नाव मिळाल्याचे हे विरळे उदाहरण होय.

गाठ बेंबीतच का यावी? गर्भात असताना आईकडून येणारे रक्त नाळेतून बाळाच्या पोटात शिरते. जन्मानंतर त्या रक्तवाहिन्या सुकतात, पण त्यांचे दोर आत तसेच राहतात: एक बेंबीपासून यकृताकडे जातो, काही खाली मूत्राशयाकडे. शिवाय पोटाची भिंत बेंबीपाशी सर्वांत पातळ असते आणि आतला पडदा कातडीच्या अगदी जवळ येतो. पोटातल्या कॅन्सरच्या पेशी या दोरांवरून, रसवाहिन्यांतून किंवा रक्तातून तिथे येऊन रुजतात. पुरुषांत हा मूळ कॅन्सर बहुधा जठराचा, मोठ्या आतड्याचा किंवा स्वादुपिंडाचा असतो. स्त्रियांत पुष्कळदा अंडाशयाचा.

बेंबीला फुगवटा आला म्हणजे कॅन्सरच, असे मात्र कोणी समजू नये. बेंबीचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, कितीतरी अधिक आढळतो. अंतर्गळ साधारणतः मऊ असतो, खोकल्यावर पुढे येतो आणि उताणे निजून दाबला की बहुधा आत जातो. ही गाठ कठीण, खडबडीत असते, आत जात नाही. कधी तिच्यावरची कातडी लालसर-काळसर होते, फुटून पाणी किंवा रक्तही येते.

आता आत्याचे सांगते. तिचे पोट जड राहू लागले, जेवण कमी झाले, तेव्हा गावातल्या जाणत्या बाईने 'बेंबी सरकली' असे सांगितले. आपल्याकडे हे निदान सर्रास होते आणि त्यावर पोट चोळणे हा उपाय. तीन वेळा पोट चोळून झाले. बेंबीत गाठ आहे हे प्रथम तिच्या सुनेने, आमच्या वहिनीने, पाहिले. आत्याचा हात मुरगळला होता म्हणून चार दिवस वहिनी तिला आंघोळ घालत होती. नंतर एका डॉक्टरांकडे नेले. आत्याने लुगडे सैल केले नाही आणि डॉक्टरांनीही ते करायला सांगितले नाही. 'बेंबी चिघळली आहे' एवढे ऐकून मलम लिहून मिळाले. त्यात भातलावणी आली. गाठीतली सुई तपासली जाईपर्यंत चार महिने उलटले होते. रोग अंडाशयाचा होता आणि पोटभर पसरला होता. आत्या पुढे सात महिने होती.

चार महिने आधी कळते तर ती वाचली असती, असे मी म्हणणार नाही. बेंबीत गाठ दिसते तेव्हा आतला रोग बहुधा पुढच्या पायरीवर गेलेला असतो आणि उरलेला काळ पुष्कळदा महिन्यांतच मोजावा लागतो. परंतु अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा अवस्थेतही शस्त्रक्रिया व औषधे यांनी कित्येकींना अधिक काळ मिळतो, आणि ज्यांना मिळत नाही त्यांचे पोटातले पाणी काढता येते, दुखणे थांबवता येते. ते चार महिने चोळण्यात आणि मलमात गेले, याचे मला वाईट वाटते.

असो. कॅन्सरच्या पेशी स्वतः चालून कातडीत येतात तेव्हा बेंबीखेरीज इतरत्रही गाठी होतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्या बहुधा छातीवर येतात. स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसू लागणे ही त्याची प्रसिद्ध खूण. आणि रोग फार वाढला तर छातीची सगळी कातडी चिलखतासारखी ताठ होते. लाल, गरम, कडा ठळक असलेला चट्टा पसरत जातो तेव्हा तो हुबेहूब धावऱ्यासारखा दिसतो. फरक एवढाच की ताप नसतो आणि धावऱ्याच्या औषधाने तो उतरत नाही. क्वचित गाठींची रांग अशी उठते की नागीण वाटावी. नागीण उतरवणाऱ्याकडे जाण्याची आपल्याकडची सवय लक्षात घेता हे ध्यानात ठेवावे, की खरी नागीण दोन-चार आठवड्यांत खपल्या धरून सुकते. महिना उलटून गेल्यावरही वाढत राहते ती नागीण नव्हे. डोक्याच्या कातडीत केसांखाली न दुखणारी टणक गाठ येते, ती फुप्फुसाच्या, स्तनाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कॅन्सरची असू शकते. ही गाठ प्रथम कोणाच्या हाताला लागते? न्हाव्याच्या, किंवा वेणी घालणाऱ्या मुलीच्या. अर्थात डोक्यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. नव्याने आलेली आणि भराभर वाढणारी असेल तरच काळजी.

याच मालिकेत गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर, डाव्या बाजूच्या खळग्यात लागणारी गाठ येते. रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने 1848 साली ती सांगितली. पोटातली मुख्य रसवाहिनी छातीतून वर चढून नेमकी डाव्या बाजूलाच रक्तात मिळते, म्हणून जठराच्या कॅन्सरची वर्दी इतक्या दूर, मानेच्या पायथ्याशी येते.

दुसऱ्या प्रकारच्या खुणा मला अधिक नवलाच्या वाटतात, कारण त्यांत कातडीमध्ये कॅन्सरची एकही पेशी नसते. रोग असतो जठरात आणि बदलतो तळहात! याचा उलगडा आपल्या खाचरांवरून होईल. वरच्या खाचरात टाकलेला युरिया बांध फुटून खालच्या खाचरात यावा आणि तिथले तण माजावे, तसे काहीसे घडते. कॅन्सरची गाठ वाढीला चालना देणारी द्रव्ये तयार करते. ती रक्तातून कातडीपर्यंत पोहोचतात आणि तिथल्या निरोगी पेशीही वाढू लागतात. मान, काखा, जांघा काळ्या पडतात, कातडी जाड आणि मखमलीसारखी होते. 1890 साली हा विकार प्रथम वर्णिला गेला. काळी मान आज आपण कितीतरी जणांत पाहतो, अगदी वर्गातल्या मुलामुलींतही. तिचे कारण जवळजवळ नेहमी लठ्ठपणा किंवा मधुमेहाची प्रवृत्ती हे असते. त्यांनी हे वाचून घाबरू नये, साखर मात्र तपासावी. काळजी करायची ती वेगळ्या माणसाची: चाळिशी-पन्नाशी उलटलेला, वजन घटत चाललेला, आणि दोन-चार महिन्यांतच ज्याची मान-काखा काळ्या पडल्या, ओठांवर व तोंडातही खरखरीतपणा आला. अशा वेळी जठराची दुर्बिणीतून तपासणी करतात, कारण बहुधा दोष तिथेच सापडतो.

याच माणसाचे तळहात कधी जाड होऊन त्यांवर मखमली सुरकुत्यांची जाळी उठते. इंग्रजी पुस्तकांत या तळहाताला बोकडाच्या किंवा गाईगुरांच्या पोटाच्या आतल्या पडद्याची उपमा दिली आहे. आपल्याला ती समजावून द्यायला नको. ज्याने वजडी धुतली आहे त्याला असा तळहात एकदा पाहताच ओळखू येईल. नुसता तळहात बदलला असेल तर फुप्फुसाचा आणि मानही काळी झाली असेल तर जठराचा कॅन्सर अधिक संभवतो.

काही वेळा घोटाळा शरीराच्या रक्षक यंत्रणेचा असतो. ती कॅन्सरवर चाल करून जाताना स्वतःच्या स्नायूंवर व कातडीवरही हल्ला करते. या विकाराला डर्मेटोमायोसायटिस असे अवघड नाव आहे. पापण्यांवर जांभळट छटा व सूज, बोटांच्या पेरांवर खवलेदार चट्टे, छातीवर व मानेवर लाली. आणि त्याबरोबर मांड्या व खांदे दुबळे होणे. रोगी उकिडवा बसला की उठता येत नाही, बाईला स्वतःचा अंबाडा घालता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्याच्या बोटांवर असे चट्टे उठले तर 'केमिकल लागले' म्हणून विषय संपतो, आणि दुबळेपणाला 'वय झाले' हे उत्तर तयार असते. दोन्ही एकत्र आले आहेत हे कोणी जोडून पाहत नाही. प्रौढ वयात हा विकार झालेल्या शंभरांपैकी सुमारे पंधरा ते तीस जणांत कुठे ना कुठे कॅन्सर आढळतो; कधी चट्ट्यांआधी, कधी बरोबर, कधी वर्ष-दोन वर्षांनी. म्हणजे इथे खूण रोगाच्या पुढे चालू शकते, आणि शोध वेळेवर घेतला तर उपयोग होतो.

अशा खुणेचा आतल्या रोगाशी खरोखर संबंध आहे की तो योगायोग, हे ठरवण्यासाठी हेलन कर्थ या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी काही कसोट्या घालून दिल्या. त्यांतल्या दोन कोणालाही पटाव्यात अशा आहेत: खूण आणि रोग साधारण एकाच सुमारास सुरू झाले पाहिजेत, आणि रोग हटला की खूण ओसरून तो परतला की तीही परतली पाहिजे. या कसोटीला प्रत्येक प्रसिद्ध खूण उतरत नाही. अंगावर अचानक पुष्कळ काळे, चिकटवल्यासारखे मस उठून खाज सुटणे ही कॅन्सरची खूण म्हणून लेझर व त्रेला या दोन शल्यचिकित्सकांच्या नावे पुस्तकांत आहे. पण असे मस उतारवयात बहुतेकांना येतातच, म्हणून तिच्याविषयी तज्ज्ञांत वाद आहे. गंमत अशी की त्या दोघांनी पाहिले होते ते रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके होते असे आता मानतात. काळ्या मसांना त्यांचे नाव चुकून चिकटले.

पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांची हकीकत मात्र चटका लावते. कातडीखालच्या शिरा आज इथे, उद्या तिथे अशा दुखऱ्या, लाल, दोरीसारख्या टणक होत असतील तर आत कॅन्सर शोधावा, असे त्यांनी 1865 साली शिकवले. 1867 च्या आरंभी तीच खूण त्यांच्या स्वतःच्या अंगावर उमटली. तिचा अर्थ त्यांनी लगेच ओळखला. त्याच वर्षी जूनमध्ये ते जठराच्या कॅन्सरने वारले.

कावीळ ही कातडीची खूण म्हणून आपण मोजत नाही, पण पिवळेपणा दिसतो तो कातडीवर आणि डोळ्यांतच. आपल्या भागात कावीळ उतरवणारे गावोगाव आहेत. साध्या जंतूंच्या काविळीत ताप, मळमळ होऊन काही आठवड्यांत ती बहुधा आपोआप ओसरते, आणि श्रेय उतरवणाऱ्याला जाते. परंतु साठीच्या माणसाला पोट न दुखता कावीळ झाली, ती दिवसेंदिवस गडद होत गेली, अंगाला अशी खाज सुटली की ओरखडे पडावेत, शौच पांढुरकी झाली आणि वजन उतरले, तर स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीने पित्ताची वाट अडल्याचा संशय घ्यावा. हा माणूस उतरवणाऱ्याच्या दारात बसलेला दिसला तर त्याला उठवून दवाखान्यात नेणे भाग आहे. या एका बाबतीत मला संकोच वाटत नाही.

नखांविषयी थोडे. दोन्ही हातांच्या एकाच बोटांची नखे पाठीला पाठ लावून धरली की त्यांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. बोटांची टोके फुगून नखे गोलाकार झाली असतील तर ही फट नाहीशी होते. शाम्रॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाने ही युक्ती 1976 साली सांगितली. हृदयाच्या व फुप्फुसाच्या अनेक जुनाट विकारांत असे होते. पण वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्याची बोटे नव्याने अशी झाली तर छातीचा फोटो काढावा.

या सगळ्या खुणांची एक अडचण आहे. पुस्तकांतली बहुतेक वर्णने व चित्रे गोऱ्या कातडीवरची आहेत. तिथे जे 'लाल' ते आपल्या सावळ्या रंगावर तपकिरी, जांभळट किंवा नुसतेच अधिक काळे दिसते. पापणीची जांभळी छटा तर उन्हात राबणाऱ्या चेहऱ्यावर हरवून जाते. म्हणून रंगापेक्षा बदल पाहावा, आणि बदल त्यालाच कळतो ज्याने आधीचे अंग पाहिले आहे.

कॅन्सर आणि कातडी यांचा उलटा संबंधही महाराष्ट्रात अभ्यासला गेला. कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने त्या काचणाऱ्या रेषेवर होणारा कातडीचा कॅन्सर डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1945 साली नोंदवला. तिथे काच बाहेरचा आणि रोग कातडीचाच. आपल्या लेखातल्या खुणांच्या नेमके उलट. खानोलकर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. हे रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले, 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे, आणि 2002 पासून त्याची मोठी संशोधन-शाखा खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. दिवा-रोहा गाडीने पनवेलला उतरले की तिथून लोकलचे तिसरे स्टेशन खारघर.

तिथवर जाण्याआधी पहिली तपासणी जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा अलिबागला जिल्हा रुग्णालयात करून घेता येते. कातडीवरच्या गाठीचा एक फायदा असा की तिचा तुकडा घ्यायला पोट उघडावे लागत नाही. बारीक सुईने पेशी ओढून किंवा जागा बधिर करून लहानसा तुकडा कापून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि मूळ रोग कुठल्या अवयवातला आहे हे पुष्कळदा त्यावरूनच कळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. त्यासाठी शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर असावे. जुने कागद आणि वापरलेल्या मलमांच्या नळ्याही न्याव्यात. रोगी बाई असेल तर पडद्याआड अंग दाखवायला सोबत घरातली बाई हवी, आणि शक्यतो तीच जिने ती खूण पहिल्यांदा पाहिली. गाठ केव्हापासून आहे, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. आत्याच्या वेळी त्याचे उत्तर एकट्या वहिनीलाच देता आले.